पोट्रेरो यार्ड: डेपोचं काय करायचं हे शेजाऱ्यांना विचारलं तेव्हा

मी बेस्टच्या फिटरची मुलगी. बाबा दादरच्या वर्कशॉपला होते, त्यामुळे डेपो म्हणजे काय हे मला कुणी समजवायची गरज नव्हती, पण सॅन फ्रान्सिस्कोत येऊन एका डेपोच्या मीटिंगांना वर्षानुवर्षं जाईन असंही कधी वाटलं नव्हतं. २०१८ संपत आलं होतं तेव्हा स्टॉपवर एक कागद लावलेला दिसला, की पोट्रेरो यार्ड पाडून नवीन बांधायचा विचार आहे, आजूबाजूला राहणाऱ्यांनी या आणि बोला. गेले, मग जातच राहिले. इकडच्या आणि तिकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं की बसच्या गॅरेजमध्ये लोकांनी बोलण्यासारखं काय असतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

आधी जागा सांगते. मिशन आणि पोट्रेरो हिल या दोन वस्त्यांच्या सीमेवर ब्रायंट, मारिपोसा, हॅम्पशायर आणि सेव्हन्टीन्थ या चार रस्त्यांमधला अख्खा ब्लॉक म्हणजे हा डेपो, साधारण ४.४ एकर. १९१५ साली बांधला, म्हणजे १९०६ च्या भूकंपानंतर शहर पुन्हा उभं राहत होतं तेव्हा. इथली सरकारी वाहतूकसेवा म्युनी, ती १९१२ ला सुरू झाली, आणि हा डेपो तेव्हा ट्रामसाठी होता. पुढे १९४० च्या दशकात इथून ट्राम गेल्या आणि ट्रॉलीबस आल्या, म्हणजे टायरवर चालणारी पण वरच्या तारांमधून वीज घेणारी बस. आपल्याकडे मुंबईतही होत्या, १९६२ ते १९७१, गवालिया टँक ते माझगाव डॉक. बाबा लागले तेव्हा त्या बंद होऊन काही वर्षं झाली होती पण सिनियर लोक खूप सांगायचे म्हणे, दांडा तारेवरून सुटला की कंडक्टर आणि ड्रायव्हरची कशी धावपळ व्हायची वगैरे. इथे त्या अजून आहेत आणि अमेरिका-कॅनडा मिळून सगळ्यात मोठा ताफा याच शहराकडे आहे. वीज येते 'हेच हेची' (Hetch Hetchy) नावाच्या जलविद्युत प्रकल्पातून, लांब तिकडे सिएरा पर्वतातून. गंमत म्हणजे हा डेपो झाला तेव्हा शहराचे इंजिनिअर होते मायकेल ओशॉनेसी, आणि 'हेच हेची'च्या धरणालाही नाव त्यांचंच. एकाच माणसाच्या कारकिर्दीत ट्रामचं शेडही झालं आणि आज त्या शेडमधल्या गाड्या चालवणाऱ्या विजेचं धरणही झालं. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

तर एवढं जुनं शेड आणि त्यात आजच्या गाड्या. सुरुवातीच्या दिवसांत म्युनीवाल्यांनी शेजाऱ्यांना आत नेऊन डेपो दाखवला, आणि माझ्या मते सगळ्या प्रोसेसमधली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. कारण तोपर्यंत लोकांच्या डोक्यात डेपो म्हणजे एक लांबलचक भिंत आणि पार्किंगला अडचण एवढंच होतं. आत गेल्यावर पाच मिनिटांत कळतं की अडचण कसली आहे. नवीन ट्रॉलीबसचं बरंचसं इलेक्ट्रिकल सामान छतावर असतं, म्हणजे मेकॅनिकला गाडीखाली तर जावंच लागतं पण गाडीच्या वर चढूनही काम करावं लागतं, आणि हे शेड बांधलं ट्रामसाठी, आजच्या या गाड्यांसाठी नाही, त्यामुळे वर हवी तेवढी उंचीच नाही. ६० फुटी जोडबस तर अजूनच कठीण, मधे सांधा असलेली एवढी लांब गाडी आत घ्यायची, फिरवायची, बाजूला माणसाला उभं राहायला जागा ठेवायची. शिवाय बिल्डिंग भूकंपाच्या आजच्या नियमांत बसत नाही, आणि हे शहर कुठलं आहे ते सगळ्यांना माहितीये.

एका मेकॅनिकने मला कार्बनचा तुकडा हातात दिला होता. ट्रॉलीबसच्या दांड्याच्या टोकाला एक बूट असतो आणि त्यात हा कार्बन बसवलेला असतो, तोच तारेला घासत घासत वीज घेतो. नवा असताना त्याची खाच सरळ असते, वापरलेला बघितला तर एका बाजूने झिजून खाच तिरकी झालेली आणि कड इतकी पातळ की नखाने तुटेल. पावसात तर तो भराभर झिजतो, म्हणाला, पहिला पाऊस पडला की आमची धावाधाव. बोटं काळी झाली माझी, ती दिवसभर निघाली नाहीत. तेवढा अंगठ्याएवढा तुकडा वेळेत बदलला नाही तर तार खराब होते आणि मग मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, म्हणजे आपण स्टॉपवर उभं राहून बस का येत नाहीये म्हणून चिडतो त्याचं उत्तर कधीकधी एवढुसं असतं.

रात्री बाबांना फोटो पाठवले, चष्मा लावून बघितले असणार कारण फोन यायला वेळ लागला. "अगं, पिट किती आहेत ते दिसत नाहीये यात, आणि उजेड कुठून येतो त्यांना?" हा पहिला प्रश्न, पिट म्हणजे गाडीखाली जाऊन काम करायचा खड्डा. मग, डॉकिंग म्हणजे गाडी मोठ्या देखभालीला लावण्याबद्दल, "डॉकिंगला गाडी लागली तर बाकीच्या बाहेर काढायला वाट राहते का?" माझ्या इतक्या वर्षांच्या इकडच्या कुठल्या गोष्टीत त्यांनी एवढा इंटरेस्ट घेतला नव्हता. हे तिन्ही प्रश्न मी नंतरच्या मीटिंगमध्ये विचारले, बाबांचे म्हणून सांगून विचारले, आणि उत्तरं नीट मिळाली.

आता मीटिंगा कशा असतात ते. एसएफएमटीए म्हणजे म्युनी चालवणारी शहराची वाहतूक संस्था, त्यांनी एक शेजाऱ्यांचा वर्किंग ग्रुप तयार केला, त्यात वेगवेगळ्या बाजूंची माणसं, कोणी घरांच्या प्रश्नावर काम करणारे, कोणी सायकलवाले, कोणी पार्कवाले, कोणी जुन्या इमारती जपणारे. मी त्या ग्रुपची मेंबर नव्हते पण त्यांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, मागे बसून ऐकता येतं आणि शेवटी बोलताही येतं. शिवाय अधूनमधून मोठे ओपन हाऊस, भिंतीला बोर्ड लावलेले, त्यावर रंगीत गोल स्टिकर चिकटवायचे, तुम्हाला काय हवं, काय नको. स्पॅनिश, चायनीज, फिलिपिनो बोलणारे दुभाषे. ते स्टिकर बघून मला आधी वाटलं होतं की शाळेतला प्रोजेक्ट आहे का हा, पण ज्यांना माईकवर बोलायची भीती वाटते, भाषेची अडचण असते, ते लोक स्टिकर बरोबर लावतात आणि लावता लावता शेजारच्याशी बोलायला लागतात. एक आजी स्पॅनिशमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, दुभाष्या मुलीने सांगितलं की त्यांना फक्त एवढं हवंय की ब्रायंट स्ट्रीटच्या फुटपाथवर रात्री दिवे असावेत. डेपोची लांब भिंत असली की तो सगळा रस्ता रात्री सुनसान होतो, हे नकाशावर नाही दिसत, तिथून रोज चालणाऱ्या बाईलाच माहिती असतं.

मूळ प्रस्तावातली सगळ्यात मोठी गोष्ट बसपेक्षा घरं ही होती. शहराकडे जमीन नाही, घरांची किंमत आकाशाला, आणि इथे ४.४ एकर सरकारी जागा आहे तर खाली काही मजल्यांचा बस डेपो आणि त्याच्या वर आणि कडेला घरं. सुरुवातीला ५७५ घरांपर्यंतचा आकडा होता, पुढे डिझाईन बदलत बदलत तो ४६५ पर्यंत आला. उंची १५० फुटांपर्यंत. खालच्या डेपोत २१३ बस मावणार, म्हणजे आत्तापेक्षा ५४ टक्के जास्त.

मिशन भागातल्या लोकांना घर म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कुणासाठी? आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण या वस्तीतली लॅटिनो कुटुंबं भाडं परवडत नाही म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हजारोंनी बाहेर गेलीत. "परवडणारी घरं" असं नुसतं म्हणून चालत नाही, इथे त्याचं गणित असतं, त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या किती टक्के कमावणाऱ्यांना ते घर मिळणार यावर सगळं अवलंबून. आणि सॅन फ्रान्सिस्कोचं मध्यम उत्पन्नच एवढं आहे की त्याच्या ८० टक्के कमावणारा माणूससुद्धा इतरत्र चांगला खाऊनपिऊन सुखी म्हटला जाईल. त्यामुळे लोक उठून एकच विचारायचे, टक्के सांगा, टक्के. किमान निम्मी घरं परवडणारी हवीत इथपासून सुरुवात झाली आणि सगळीच हवीत इथपर्यंत लोकांनी ते रेटलं. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. संध्याकाळी कामावरून थेट येऊन, पोरं मांडीवर घेऊन, तीन-तीन तास बसायचे.

सावलीची भांडणं मात्र मला समजायला वेळ लागला. डेपोच्या उत्तरेला सेव्हन्टीन्थ स्ट्रीट ओलांडला की फ्रँकलिन स्क्वेअर नावाचं पार्क आहे, पोरं तिथे फुटबॉल खेळतात, आणि दक्षिणेला उंच बिल्डिंग आली की हिवाळ्यात पार्कवर सावली पडणार. मुंबईकर म्हणून मला वाटलं सावली पडली तर बरंच की, पण इथे धुकं आणि गार वारा, तिथे ऊन हीच चैन. १९८४ साली मतदारांनी यासाठी कायदाच करून घेतलाय की ४० फुटांहून उंच इमारतीची सावली सरकारी पार्कवर पडत असेल तर ती आधी तपासायची आणि मगच परवानगी. मग आर्किटेक्टनी वर्षभरातल्या प्रत्येक तासाची सावली काढून दाखवली, कुठल्या महिन्यात किती वाजता कुठपर्यंत. पार्कवाले लोक ते कागद घेऊन खरंच पार्कमध्ये जाऊन उभे राहायचे. मला वाटतं डिझाईनमध्ये उंचीची जागा इकडून तिकडे सरकवायला याच लोकांनी भाग पाडलं, आणि घरं हवी म्हणणारे आणि ऊन हवं म्हणणारे यांच्यात कडाक्याचं वाजलं तरी दोघंही पुढच्या मीटिंगला परत यायचे.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला सतत टोचत होती. घरं, सावली, पार्किंग, सायकल, म्युरल, सगळ्यावर तास तास बोलणं आणि डेपोवर मोजून दहा मिनिटं. जे लोक तिथे तिन्ही शिफ्टला काम करतात त्यांच्याबद्दल काहीच नाही. एका संध्याकाळी एक ड्रायव्हर उठला, युनिफॉर्मवरच होता, बहुतेक शिफ्ट संपवून आलेला. म्हणाला तुम्ही सगळे शेजारी आहात मान्य, पण दिवसातले दहा-दहा तास मी इथे असतो, मीसुद्धा या जागेचा शेजारी आहे, आणि मला विचाराल तर मला गाडी घेतल्यापासून परत लावेपर्यंत एक स्वच्छ बाथरूम आणि पाठ टेकायला शांत खोली पाहिजे. एवढंच. हॉलमध्ये कोणी बोललं नाही थोडा वेळ, मग टाळ्या. मला तर बाबाच बोलतायत असं वाटलं, दादरला उन्हाळ्यात पत्र्याखाली काम करून आले की बनियन पिळून काढायचे आणि तेव्हा त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं की वर्कशॉप कसं पाहिजे.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं, लोकसहभाग म्हणजे फक्त भिंतीबाहेरच्यांचा सहभाग नव्हे. डेपो आधी कामाची जागा आहे, मग बाकी सगळं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा बोलले तेव्हा याच बाजूने बोलले, उजेड, हवा, गाडीच्या छतावर जायला पक्के प्लॅटफॉर्म, ट्रेनिंगची जागा. ड्रायव्हरच्या ट्रेनिंगची सोय याच इमारतीत आणायचा प्लॅन आहे हे मला फार पटलं, कारण ट्रॉलीबस चालवणं वेगळं असतं, तारांखालून लेन बदलायची, क्रॉसिंगला स्पीड सांभाळायचा, दांडा सुटला तर उतरून मागच्या दोऱ्या ओढून परत तारेवर बसवायचा, हे पुस्तक वाचून येत नाही.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि सगळं झूमवर गेलं. झूमवर माणसं जास्त यायची हे खरं, पण स्टिकर लावता लावता होणारं बोलणं गेलं, आणि त्या स्पॅनिश बोलणाऱ्या आजी पुन्हा काही दिसल्या नाहीत. त्या दिवसांत शहरातल्या बहुतेक बसलाइन बंद झाल्या, मोजक्याच चालू राहिल्या, त्यात १४ मिशन आणि २२ फिलमोर होत्या कारण हॉस्पिटलवाले, दुकानवाले, साफसफाईवाले यांना जायलाच लागायचं. आम्ही घरात बसून डेपोच्या भविष्यावर बोलत होतो आणि डेपोतली माणसं मास्क लावून रोज त्याच शेडमध्ये गाड्या दुरुस्त करत होती.

जुन्या इमारतीचा विषय वेगळाच हळवा. १९१५ ची इमारत ऐतिहासिक म्हणून धरली जाण्यासारखी आहे, सरकारी ट्रामसेवेच्या सुरुवातीची खूण, आणि ती पाडली तर ते नुकसान भरून येणार नाही असं पर्यावरण अहवालातही सरळ लिहिलंय. माझं मत पाडण्याच्या बाजूचं. ज्या बिल्डिंगखाली भूकंपात माणसं अडकतील ती मला जपायची नाहीये, पण पाडण्याआधी तिचे फोटो, नकाशे नीट नोंदवून ठेवणं, काही भाग नवीन इमारतीत लावणं, हे सगळं व्हायलाच पाहिजे आणि त्याची तरतूद केलीय.

पैशाचं सांगायचं तर तिथे सगळं अडलंय. जून २०२२ ला शहराने ४०० मिलियन डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी मतदान घेतलं, बस सेवा आणि डेपो सुधारायला. अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागतात, मिळाली ६५ टक्के. म्हणजे दर तीन माणसांतल्या जवळजवळ दोघांना पाहिजे होतं आणि तरी पडलं. मी त्या रात्री निकाल बघत जागी होते. त्याच वर्षी खासगी-सरकारी भागीदारीतून डेव्हलपर निवडला, प्लेनरी कंपनीच्या नेतृत्वाखालची टीम, आणि त्यात मिशनमध्येच अनेक वर्षं काम करणारी मेडा ही संस्था घरांच्या बाजूला. व्यवस्था अशी की इमारत खासगी टीम बांधणार आणि तिची देखभाल करणार, शहर त्यांना वर्षानुवर्षं हप्त्याने पैसे देणार, बस आणि मेकॅनिक मात्र म्युनीचेच राहणार. हे शेवटचं मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. जानेवारी २०२४ ला पर्यावरण अहवाल मंजूर झाला, त्याच वर्षी शहराच्या बाकी मंजुऱ्याही आल्या. पण महामारीनंतर प्रवासी पूर्ण परतले नाहीत, एसएफएमटीएला वर्षाला ३०० मिलियन डॉलरहून मोठी तूट दिसतेय, त्यामुळे कागद तयार आणि काम थांबलेलं अशी अवस्था. तिकडे राज्याचा नियम आहे की २०४० पर्यंत सगळ्या सार्वजनिक बस शून्य उत्सर्जनाच्या हव्यात, म्हणजे डिझेल-हायब्रिड जाऊन बॅटरीच्या येणार आणि त्यांना चार्जिंगसकट डेपो लागणार. डेपो नाही तर बस घेऊन ठेवायच्या कुठे?

मुंबईतल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना मी एकच सांगत असते. बेस्टचे २७ डेपो आहेत, जागा मोक्याच्या आहेत, त्या विकसित करायच्या बातम्या येत असतात आणि दुसरीकडे बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली गेल्यात. डेपोवर टॉवर यायला माझा विरोध नाही, इथे तेच करायचं चाललंय. पण पहिल्या पानावर काय असतं ते बघा. इथल्या कागदावर पहिल्या पानावर २१३ बस आहेत, घरांचा आकडा ५७५ चा ४६५ झाला तरी २१३ ला कोणी हात लावला नाही. तुमच्या डेपोच्या प्लॅनमध्ये आज किती गाड्या उभ्या राहतात आणि उद्या किती राहणार, पिट किती, वर्कशॉप कुठल्या मजल्यावर, हे आधी विचारा, दुकानं आणि फ्लॅट नंतर. आणि विचारायला जाताना डेपोतल्या फिटरला, ड्रायव्हरला, कंडक्टरला बरोबर घेऊन जा, रिटायर झालेले तर नक्कीच येतील.

माझ्यापुरता सध्या अडकलेला प्रश्न वेगळा आहे. बांधकाम सुरू झालं की काही वर्षं या गाड्या शहरात दुसऱ्या जागी न्याव्या लागणार. तिथे पहाटे चारला ड्युटीवर येणारा माणूस कसा पोचणार, कारण त्या वेळेला मोजक्याच बस चालू असतात, बाकीच्या तोच चालू करणार असतो. ड्रायव्हर-मेकॅनिकसाठी वेगळी गाडी ठेवणार का आणि तिचा खर्च कुठल्या खात्यात, हे मी लेखी विचारलंय. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात उत्तर आलं का म्हणून.